पुस्तकं पोचली, तू कधी?

सोमवार, ३ मार्च

बारक्या,

पुस्तकं पाठवणं बंद कर. आज दुसरं आलं. पहिलं आलं तेव्हा मी गप्प बसले. म्हटलं, बापाचा जीव आहे, पाठवलं असेल. पण आज परत तोच खाकी कागद, तोच छापील पत्ता, आणि आत परत एक मेलेलं जनावर. आधी कासव, आता गाढव. तुझ्या पोरीची आई गेली आहे. तिला प्राणिसंग्रहालय कशाला दाखवतोस?

हे फोनवरच बोलले असते. पण फोनवर मी जरा आवाज चढवला की तू "ताई, बोगद्याजवळ आहे, रेंज जातेय" म्हणतोस आणि ठेवतोस. कागदाला रेंज लागत नाही म्हणून लिहिते. चौथीपर्यंत शिकले, पण तुला बोल लावायला तेवढं पुरतं. अक्षर लागलं नाही तर खोलीतल्या दुसऱ्या कुणाकडून वाचून घे. त्यालाही कळू दे तू कसा आहेस ते.

वाचनाचा कार्यक्रम कसा चालतो ते ऐक. चारला धुलाईखान्यातून सुटते. दिवसभर हॉस्पिटलच्या चादरी त्या मोठ्या गरम रुळाखालून काढून बोटं इतकी सुजलेली असतात की एक पान उलटायला गेलं की दोन उलटतात. तुझी मुंगी लगेच पकडते. "आत्या, एक पान खाल्लंस." मी बोट ठेवून एकेक शब्द वाचते, ती चित्रावर बोट ठेवून बसते. तिचं चित्र संपतं तरी माझी ओळ संपत नाही.

तर ते कासव. म्हातारं झालं, थकलं, आणि एके दिवशी डोंगरापलीकडच्या शांत देशाला निघून गेलं. बाकीचे सगळे तळ्याकाठी बसून चांदण्या बघत राहिले. झालं, पुस्तक संपलं. ज्याने लिहिलं त्याला मी एकदा घरी बोलावणार आहे.

"म्हणजे ते मेलं का गेलं?" मुंगीने विचारलं.

"मेलं."

"मग मेलं असं का नाही लिहिलं?"

"लिहिणाऱ्याला विचार."

"तिथे बस जाते?"

"नाही."

"मग कासव कसं पोचलं? ते तर आपल्या जिन्यापर्यंत यायलाच दिवस लावेल."

मला हसू आलं, मी विषय सोडून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दप्तर उचललं तर हलकं. उघडून बघितलं. आत वह्या नाहीत. एक फ्रॉक, दात घासायचा ब्रश, बिस्किटाचा अर्धा पुडा आणि तिच्या आईचा कंगवा. म्हणे, डोंगरापलीकडे जाते, आईचे केस तिकडे कोण विंचरत असेल. तिच्या आईच्या डोक्यावर शेवटी शेवटी विंचरायला काय उरलं होतं ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. मी कंगवा जागेवर ठेवला आणि वह्या भरून दिल्या.

दोष नुसता कासवाचा नाही. सुरुवात तुझी. तूच तिला मांडीवर घेऊन म्हणालास, आई लांब गेली, तिथून येता येत नाही. आणि महिना झाला नाही तर स्वतः बॅग भरलीस, तिच्या डोक्यावर हात फिरवलास आणि म्हणालास, बाबा लांब चाललाय. मी दारातच होते. तेव्हाच मला बरं वाटलं नव्हतं, पण तू रडत होतास, म्हणून तोंड मिटून घेतलं. ते माझ्या स्वभावात नाही, एवढं लक्षात ठेव.

पुस्तकं नकोत. तू ये.

ताई


रविवार, १६ मार्च

बारक्या,

पत्र मिळालं म्हणून फोन केलास. पत्राला पत्राने उत्तर द्यायचं असतं, पण असो, तुझा आवाज तरी ऐकला.

तू म्हणालास, तुमच्या कामावर एक बाई येतात, माणसांच्या मनाची विचारपूस करायला, आणि त्यांनी सांगितलं की मुलांशी मरणाबद्दल पुस्तकातून बोलावं. बाई शहाण्या आहेत. पण बोलावं म्हणाल्या ना? कोणी बोलावं? कुरियरवाल्याने? तो बिचारा खाली सही घेतो आणि पळतो. बाईंना परत भेटलास की विचार, पुस्तक एकीकडे आणि बाप दुसरीकडे असं चालतं का. माझं नाव सांगून विचार.

गाढवाचं पुस्तक तर कासवापेक्षा वरचढ निघालं. गाढव खूप दमलं होतं, ते गाढ झोपलं आणि परत उठलंच नाही. किती छान म्हणे, त्याला कसलाच त्रास झाला नाही. आता माझी पंचाईत ऐक. रविवारी दुपारी मी जरा आडवी होते. आठवडाभर उभी असते, तेवढा एक तास मला जीव की प्राण. डोळा लागला की चिमटा. परत लागला की परत चिमटा, दंडाला, चांगला पिळून. "काय गं?" म्हटलं तर "काही नाही, बघत होते." काल माझ्या दंडावरचे डाग बघून इस्त्रीवरची दुसरी बाई म्हणाली, "या वयात कोण भेटलं तुला?" मी म्हटलं, गाढव भेटलं, पुस्तकातलं.

सगळ्यात राग कशाचा आला सांगू? फोन ठेवता ठेवता तू परत तेच म्हणालास. "तिला देऊ नको ताई, तिचा आवाज अगदी तिच्या आईसारखा आहे, मला झेपत नाही." मग मी नेहमीसारखी फोन घेऊन गॅलरीत गेले, दार ओढून घेतलं, आणि आत आल्यावर "कोण होतं?" याला "कामावरचं" असं उत्तर दिलं. तुझ्यापायी दर रविवारी खोटं बोलते. मला ते साधत नाही, तोंड वाकडं होतं. पोरगी माझ्या तोंडाकडेच बघत असते.

तुला एक आठवण करून देते. आपले बाबा गेले तेव्हा तू सहा वर्षांचा, आत्ता मुंगी आहे तेवढाच. मी अकराची. आईने तुला सांगितलं, बाबा कामाला गेलेत. तू रोज संध्याकाळी जिन्यात जाऊन बसायचास, त्यांच्या चपला मांडीवर घेऊन पुसत. जेवायला बोलावलं तर म्हणायचास, बाबा आल्यावर. मोठी माणसं तुझ्याकडे बघून डोळे पुसायची आणि बाजूने निघून जायची. शेवटी मी येऊन शेजारी बसले आणि सांगितलं. येणार नाहीत, मेले. तू माझ्या मनगटाला चावलास. खूण अजून आहे, वाफ लागली की पांढरी दिसते. चावलास, रडलास, शिव्या दिल्यास, आणि मग उठून पोटभर जेवलास. त्याच्या आधी कितीतरी दिवस तू धड जेवला नव्हतास. मला आई खूप ओरडली. पण तू जेवलास.

म्हणून म्हणते, मला कुणी शिकवू नका.

पुस्तकाच्या खाकी कागदावर दुकानाचा नंबर होता, तो लावला. पुस्तकवाला सभ्य निघाला. मी म्हटलं, तुमच्याकडे असं एखादं आहे का, ज्यात मेलं तर मेलं असं लिहिलंय? तो म्हणाला, "एक आहे. पण लोक घेत नाहीत. चाळतात आणि परत ठेवतात." मी म्हटलं, माझ्या भावाने पुढचं मागवलं की तेच पाठवा, दोष माझ्यावर घाला. तर आता तू मागव. एवढं एकच मागव, आणि मग बंद.

ताई


शुक्रवार, २८ मार्च

बारक्या,

बकरीचं पुस्तक आलं. आणि तुला जे लिहिणार आहे ते उभ्याने वाचू नकोस. बस कुठेतरी.

पुस्तक असं आहे. पहिल्याच पानावर, आमची बकरी मेली. गोल गोल काही नाही. पुढच्या पानावर घरातली पोरं तिला हात लावतात आणि ती गार असते. मग आजोबा खड्डा खणतात. मग त्यातल्या मुलीला भूक लागते आणि तिला वाटतं, बकरी मेली आणि मला भूक कशी लागते. तिला लाज वाटते. आजोबा म्हणतात, लागते, खा. शेवटच्या पानावर खुंटीला नुसती दोरी आहे, आणि ती मुलगी चुकून बकरीला हाक मारते. तिथेच संपतं. चांदण्या नाहीत, डोंगर नाही. मी वाचून झाल्यावर पुस्तक मिटलं आणि मला वाटलं, हे माझ्यासारख्या कुणी तरी लिहिलंय.

मुंगीने तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी हात लावायच्या पानावर थांबली.

"आई गार होती?"

मी म्हटलं, "हो."

"तू हात लावलास?"

"लावला. कपाळाला."

"मला का नाही लावू दिला? मला त्या खालच्या काकूंकडे का ठेवलं?"

"तुझ्या बाबाला वाटलं, तू घाबरशील."

तिने विचार केला. म्हणाली, "घाबरले असते. पण लावला असता."

मग रडली. गेल्या एवढ्या महिन्यांत मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं. आत्तापर्यंत नुसतीच चिडायची, वस्तू फेकायची, केस ओढायची. आज तोंड उघडून रडली. मी तिला थोपटत बसले नाही, नुसतं मांडीवर घेऊन बसले. रडून झाल्यावर म्हणाली, भूक लागली. मी म्हटलं, लागते, खा. पुस्तकातल्यासारखं म्हटलं म्हणून ती जरा हसली पण. मला वाटलं, जिंकलं. मनात म्हटलं, बारक्याला कळवायला पाहिजे, काम झालं.

ती जेवली. ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलं. मी वाळलेले कपडे घडी करत होते. ती येऊन शेजारी बसली, तिच्या फ्रॉकची बाही सरळ केली, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "आणि बाबा कधी गार झाले?"

मला आधी समजलंच नाही. म्हटलं, "काय?"

"बाबा. त्यांना कुणी हात लावला? तू लावलास?"

बारक्या, तुझी पोरगी गेले दोन-अडीच महिने तुला मेलेला समजते आहे. आई लांब गेली म्हणजे मेली. बाबा लांब गेला म्हणजे मेला. आई गेल्यावर तिचा फोन आला नाही, तुझाही आला नाही. हिशोब चोख आहे, चूक काढून दाखव.

मी म्हटलं, "अगं, बाबा जिवंत आहे. बोगद्यात कामाला आहे."

म्हणाली, "हं." आपण वेड्या माणसाला म्हणतो ना, तसं. मग माझीच समजूत घालत म्हणाली, "आईचं पण तुम्ही सगळे म्हणत होता, बरी होतेय."

"मग पुस्तकं कोण पाठवतं?"

"बाबाच."

"मेलेली माणसं पुस्तकं पाठवतात?"

"आई नाही पाठवत. आईला खूप दिवस झाले. बाबा नवीन आहेत."

मी घडी तशीच टाकून मोरीत गेले आणि नळ सोडला. धुण्यासारखं काही नव्हतं, तरी सोडला.

दिवसभर माझ्या हातांखालून चादरी जातात. कोणत्या चादरीवरचं माणूस घरी गेलं आणि कोणत्या नाही, ते चादर बघून कळत नाही. धुतली की सगळ्या सारख्या. तिच्या आईच्या कॉटवरचीही माझ्याच रुळाखालून गेली असणार. मी कधी चादरीवरचा नंबर बघितला नाही. माझं असं चालतं. पण पोरीचं तसं चालत नाही, तिला नंबर बघायचा असतो.

हे पत्र मिळालं की फोन कर, आणि या वेळी तिच्याशी बोल.

ताई


मंगळवार, ८ एप्रिल

बारक्या,

तुला जिवंत करायला मी किती खटपट केली ते लिहिते, म्हणजे मागाहून ताईने काही केलं नाही असं व्हायला नको.

आधी तुझा फोटो दाखवला. ती म्हणाली, हा जुना. बरोबर आहे, जुना आहे. मग मोबाईलमध्ये तुझा तो व्हिडिओ काढला, पंखा दुरुस्त करताना स्टुलावर उभा आहेस आणि "ताई, पान्हा दे" म्हणतोस. म्हटलं, बघ, बोलतोय, हलतोय. तिने माझ्या हातातून मोबाईल घेतला, बोटाने दोनदा सरकवलं, आणि तिच्या आईचा काढला. आई बादलीतलं पाणी उडवते आहे आणि हसते आहे. मुंगी म्हणाली, "मोबाईलमध्ये आई पण हसते."

सांग, काय उत्तर देऊ? तुला येत असेल तर मला शिकव.

मग शाळेतून बाईंचा निरोप आला. गेले. बाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, "तुम्ही एवढं सोसताय आणि आम्हाला कळवलं नाहीत." मला वाटलं फी राहिली की काय. मग कळलं. मुंगीने वर्गात उभं राहून सांगितलं होतं, माझे बाबा पण वारले. बाईंनी आख्ख्या वर्गाला उभं केलं आणि तुझ्यासाठी दोन मिनिटं शांतता पाळली. बेचाळीस पोरं. बाई म्हणाल्या, एक जणही हलला नाही. बारक्या, त्या शाळेत तू शिकत होतास तेव्हा तुझ्यासाठी कुणी अर्धं मिनिटसुद्धा गप्प बसलं नव्हतं.

मी बाईंना म्हटलं, तो जिवंत आहे. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग कुठे आहेत?" मी म्हटलं, बोगद्यात. बाईंच्या डोळ्यांत मला दिसलं, आता त्यांना माझीच काळजी वाटायला लागली होती.

आणि परवाचा रविवार. तुझा फोन आला. मी गॅलरीत गेले नाही. तुला न विचारता फोन सरळ तिच्या कानाला लावला. हो, लावला, आणि परत लावीन. मी वाकून कान जवळ नेला होता. तू म्हणालास, "ताई? हॅलो?" ती म्हणाली, "बाबा?"

पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. तुझा श्वास ऐकू येत होता मला. चांगला मोठा. तिने वाट बघितली. खरंच सांगते, तिने बरीच वाट बघितली, फोन दोन्ही हातांनी धरून. मग तू ठेवलास.

तिने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बघितलंस? येत नाही त्यांना बोलता." मग आत गेली आणि माझ्यासाठी पेलाभर पाणी घेऊन आली, सांडत सांडत. म्हणाली, आत्या, पी. सहा वर्षांची पोर मला पाणी देते आहे, कारण तिच्या मते माझा भाऊ मेलाय आणि मला अजून ते पटत नाही.

मी पाणी प्यायले. मग तिलाच विचारलं, "तुला कसं पटेल मग? काय केलं तर पटेल?"

ती म्हणाली, "हात लावून. गरम असेल तर."

एवढं सोपं आहे. तिला तुझ्याकडून बोलणं नको, खेळणं नको, पुस्तक नको. तू तोंडातून शब्द नाही काढलास तरी चालेल. हुंदके देत बसलास तरी चालेल, मेलेली माणसं रडत नाहीत एवढं तिला बकरीवरून कळलंय. नुसता येऊन समोर बसायचंस आणि ती हात लावेल. तुला आवाज झेपत नाही ना? मी तिला सांगते, बोलू नकोस, नुसता हात लाव. ऐकेल ती. माझं ऐकते.

तू आलास की तिला बरोबर घेऊन जाशील, म्हणून मी इतके दिवस तुला फारसा तगादा लावला नाही, असं इस्त्रीवरची बाई म्हणते. तिला काय कळतंय. तिला स्वतःच्या नवऱ्याचं कळत नाही. घेऊन गेलास तर तिच्या गळ्याला थंडी लागते, कान झाकायचे, आणि भेंडी खात नाही, एवढंच सांगायचं आहे. बाकी माझं मी बघीन.

ताई


शुक्रवार, ११ एप्रिल

बारक्या,

मागच्या पत्राचं उत्तर अजून यायचं आहे हे मला कळतं. तरी लिहिते, कारण आज एक गोष्ट समजली आणि ती समजल्यावर मला गप्प बसवेना.

दुपारच्या सुट्टीत पुस्तकवाल्याला फोन केला. धुलाईखान्यात मशीनचा आवाज असतो म्हणून मागच्या अंगणात, वाळत घातलेल्या चादरींमध्ये उभी राहून बोलत होते. त्याला म्हटलं, बकरीचं पुस्तक चांगलं होतं, ज्याने लिहिलं त्याला सांगा. तो खूश झाला. मग म्हटलं, आता मला आणखी एक पाहिजे. असं पुस्तक आहे का, ज्यात बाप जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि येत नाही?

तो म्हणाला, थांबा, बघतो. फोन खाली ठेवून खरंच शोधायला गेला. मला पुस्तकं सरकल्याचा आवाज येत होता. परत येऊन म्हणाला, "बाप वारलेला आहे. बाप सैन्यात आहे. आई-बाप वेगळे झालेले, अशी दोन आहेत. पण नुसताच न येणारा नाही हो. तसलं कुणी लिहीत नाही."

मी म्हटलं, का नाही लिहीत?

म्हणाला, "शेवट काय करणार?"

मग तो सहज बोलून गेला. म्हणाला, "तुमच्या भावाला विचारू का? ते बरंच वाचतात. प्रत्येक वेळी दोन प्रती मागवतात, एक तुमच्या पत्त्यावर आणि एक त्यांच्या. बकरीच्याही दोन पाठवल्या. परवा त्यांचा फोन होता, म्हणाले, असंच अजून काही असेल तर बघा."

मी चादर धरून उभी राहिले. ओली होती, सगळी बाही भिजली.

म्हणजे तू वाचतोस. मी इकडे तुला नावं ठेवत होते, की पोरीला पुस्तकं फेकून स्वतः मोकळा झाला. आणि तू तिकडे, दिवसभर बोगद्यात तारा जोडून वर येतोस आणि पत्र्याच्या खोलीत खाटेवर बसून कासवाचं पुस्तक वाचतोस. अडतीस वर्षांचा बाप्या. तुझ्या खोलीतले बाकीचे काय म्हणतात? हसतात का? हसले तर त्यांना माझा पत्ता दे.

बकरीच्या पुस्तकात हात लावायच्या पानावर तूही थांबला असशील. मला माहीत आहे तू कुठे थांबलास, कारण हॉस्पिटलमध्ये तू दारातच उभा राहिलास. आत आला नाहीस. पोर घाबरेल म्हणून तिला आणलं नाही म्हणालास, पण हात तूही लावला नाहीस. मी हे कुणाला बोलले नाही, तुला पण आत्ताच बोलते आहे. आणि हे तुला टोचायला लिहीत नाही. मला इतकंच दिसतं की एकच पुस्तक तुम्ही बाप-लेक दोन गावांत बसून वाचताय, एकाच पानावर अडताय, आणि मध्ये मी, जिला धड जोडाक्षर वाचता येत नाही. हे काम माझं नाही. तिला वाचून दाखवायला तिचा बाप आहे, त्याला चांगलं वाचता येतं, बारावी झालाय.

आता बोलणं पुरे. माझं काय ठरलंय ते ऐक.

मुंगीला मी दोन आठवडे सांगते आहे की बाबा जिवंत आहे. उद्यापासून सांगणार नाही. नुसतं सांगून पोरगी मलाच खोटारडी समजायला लागली आहे, आणि तिच्याकडे विश्वास ठेवायला माझ्याशिवाय दुसरं कोण आहे? मी तो घालवणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही.

पुढच्या शनिवारी, १९ तारखेला, संध्याकाळपर्यंत मला तुझं उत्तर पाहिजे. फोन कर, पत्र पाठव, कुणाबरोबर निरोप दे. "बघतो ताई" हे उत्तर नाही. "रजा मिळाली तर" हे पण नाही. बायको गेल्यावर माणसाला रजा मिळते, तू ती पुरी न घेता कामावर गेलास, मला सगळं माहीत आहे. कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीने, किती वाजता, एवढं पाहिजे. मी तिला घेऊन स्टेशनवर उभी राहीन. गाडी उशिरा आली तरी उभी राहीन. तुला बघून ती पळत येणार नाही, तू वाईट वाटून घेऊ नकोस. आधी लांबून बघेल.

आणि उत्तर आलं नाही, तर रविवारी सकाळी मी तिला समोर बसवून नवीन काहीतरी सांगेन. सांगेन की तुझा बाबा मेलेला नाही, आजारी नाही, हातीपायी धड आहे, तुझा आवाज त्याने फोनवर ऐकला, आणि तो येत नाही. अगदी असंच सांगेन, एक शब्द गोड करणार नाही. या वेळी तिला पटेलही, कारण हे मनाला लावून घेण्यासारखं आहे, आणि मुलांना तसलं लगेच पटतं. आत्ता ती तुझ्या नावाने रडते, तुझी पुस्तकं उशाशी ठेवते, शाळेत तुझ्यासाठी उभी राहते. मेलेल्या बापावर पोरं रागवत नाहीत. रविवारनंतर तू तो बाप राहणार नाहीस.

दोनच वाक्यं आहेत, बाबा येतोय किंवा बाबा येत नाही. मला दोन्ही म्हणता येतात. कोणतं म्हणायचं ते शनिवारपर्यंत कळव.

ताई